तासून काढलेली वाट

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे. माझे अंग लोखंडाचे आहे, पोटात नासपतीच्या लाकडाचा ठोकळा बसवलेला आहे, आणि पाठीवर अंगठा टेकतो तिथे एक खळगा पडला आहे. तो खळगा मायस्तोर कुंचोच्या अंगठ्याने पाडला. मायस्तोर म्हणजे उस्ताद. लेस्कोवित्सा गावात त्याला नुसते कुंचो कुणीच म्हणत नसे. तुम्ही मला रंधा म्हणता, इकडे बल्गेरियाच्या डोंगरात रेंदे म्हणतात. ही दोन्ही नावे कुठल्यातरी एकाच घरातून निघालेली असावीत.

मला घडवले ते कुलपे करणाऱ्या देन्चोने. कुंचोने त्याच्या दुकानाला दार करून दिले होते आणि त्याच्या बदल्यात मला मागून घेतले. देन्चोचा हात कुलपांवर बसलेला, त्यामुळे त्याने माझे तोंड, म्हणजे तळातली साल बाहेर पडायची फट, इतके अरुंद ठेवले की घोड्याचा केस आडवा आला तरी अडावा. मी जड होतो आणि माझा तळ आरशासारखा होता. पहिल्या दिवशी कुंचोने मला थंडीने गारठलेल्या मांजराच्या पिलासारखे दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली आणि मगच लाकडावर ठेवले. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता.

माझ्यात आणि इतर रंध्यांत काय फरक आहे तो आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्या फरकाशी येऊन अडते. रंध्याच्या पात्याला एका बाजूने दगडावर घासून उतार दिलेला असतो. माझे पाते माझ्या अंगात जवळजवळ आडवे निजलेले असते आणि त्याचा उतार आभाळाकडे असतो. दुसऱ्या जातीच्या रंध्यात पाते उभट असते आणि उतार खाली, लाकडाकडे. पाहणाऱ्याला हा फरक दिसतही नाही. पण माझा उतार निमुळता घासला, तर फळीच्या कापलेल्या टोकावरून मी लोण्यातून सुरी जावी तसा जातो. तोच उतार उभा घासला, तर आडमुठे लाकूडही मला वळणावर आणता येते. म्हणजे मी एकच, पण माझे स्वभाव दोन. खाली उतार असलेल्याचा कोन मात्र त्याला बनवताना जो ठरला तोच. त्याच्याकडे दुसरी युक्ती असते. त्याच्या पात्याच्या पाठीवर एक बिनधारेची पट्टी बसवलेली असते, तिला टोपी म्हणतात. टोपी धारेच्या अगदी जवळ आणली, की लाकडाची उठणारी साल तिच्यावर आपटून लगेच वळते, आणि खालचे लाकूड उपटून न्यायला तिच्यात जोर राहत नाही.

तीस वर्षे कुंचोने माझ्याकडून काम घेतले. खिडक्यांच्या चौकटी, लग्नाच्या पेट्या, पाळणे, चर्चमधली बाके. लोक सांध्यावरून नख फिरवत आणि नख कुठेच अडत नसे. मग ते कुंचोकडे पाहत आणि कुंचो माझ्याकडे पाहत असे. त्या वर्षांत मला वाटे की जगात माझ्यासारखा मीच.

मग रादको आला.

रादको अठरा वर्षांचा होता. कार्यशाळेच्या खाली, दोन घरे सोडून, त्याचे घर होते. तिथे तो आणि त्याची आई मिन्का, दोघेच राहत. युद्धानंतर जेव्हा राज्य बदलले, तेव्हा त्याच्या वडिलांचे नाव नको त्या यादीत लागले होते. ते कुठल्याशा खाणीच्या छावणीत वारले. त्या नावामुळे रादकोला पुढे शिकता आले नाही, की शहरात राहायची परवानगीही मिळाली नाही. शाळेत तो गणितात पहिला होता. कुंचोला मूलबाळ नव्हते, बायको वारलेली. त्याने रादकोला करवत दिली आणि म्हणाला की लाकूड कुणाच्या बापाचे नाव विचारत नाही.

पहिल्याच वर्षी रादकोने स्वतःसाठी रंधा बनवला. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा, उंच पाठीचा, खाली उतार आणि वर टोपी असलेला. तेव्हापासून आम्ही दोघे रंधे एका फळीवर शेजारी बसू लागलो आणि कुंचो नि रादको यांचा वाद सुरू झाला. तो सहा वर्षे चालला. वाद कसला, करमणूकच ती. एखादी फळी आली की दोघे आधी तिच्या रेषा पाहत, मग एकमेकांकडे.

रादको म्हणायचा, "मायस्तोर, तुमचा रंधा पोटावर सरपटतो. माझा दोन पायांवर चालतो."

"सरपटणाऱ्याला पडायची भीती नसते," कुंचो म्हणायचा. "तुझ्या लाकडी बाईला बाहेर पडायला टोपी लागते. माझा उघड्या डोक्यानं जातो."

"जातो खरा. पण गाठ आली की केस उपटून येतो."

"मग मी त्याचा उतार बदलतो. तू काय बदलणार, बायको?"

रादको हसायचा. हसताना तो मान मागे टाकायचा आणि त्याच्या केसांत अडकलेला भुसा खांद्यांवर पडायचा. खरे सांगायचे तर दोघेही बरोबर होते. फळीच्या टोकांना, काटकोनाच्या सांध्यांना माझ्यासारखा कुणी नाही. पण जिथे रेषा उलटसुलट फिरलेल्या असतात, तिथे टोपीवाला कमी ताकदीत जास्त साफ काम करतो. कुंचोला हे कळत होते, पण त्याने ते कबूल केले नाही. आणि मलाही ते ऐकायचे नव्हते.

एका मे महिन्यात, दुपारच्या जेवणाच्या वेळी, रादको बोलला. दोघे कामाच्या मेजावर समोरासमोर बसून पाव, पांढरे चीज आणि कांद्याची पात खात होते. रादको म्हणाला की मी जातो आहे, चोरून सीमा ओलांडून, ग्रीसच्या बाजूला. कुंचो खात राहिला. पाव संपवून त्याने विचारले की आईला सांगितलेस का. रादकोने नकारार्थी मान हलवली. आईला सांगितले तर पुढे तिला विचारतील तेव्हा तिला खोटे बोलावे लागेल, आणि तिला ते जमत नाही.

कुंचोने तरुणपणी त्याच सीमेवर शिपाई म्हणून दोन वर्षे काढली होती. रादकोला ते माहीत होते. म्हणूनच तो बोलला होता.

कुंचोने हात पुसले. उन्हात उभी केलेली आलुबुखाराच्या लाकडाची एक छोटी फळी त्याने घेतली आणि कानामागची पेन्सिल काढून तिच्यावर रेघ ओढू लागला. शेवटच्या स्टेशनाच्या अलीकडच्या थांब्यावर उतरायचे. लाकडाच्या वखारीमागून ओढा. ओढ्यातून वर, काठाने नाही, कारण काठावर वाळूत पावले उमटतात. मग वीज पडून दुभंगलेले चेस्टनटचे झाड. मग बिनछपराचा मेंढवाडा. तिथून बीचच्या झाडांतून सरळ वर.

"झाडं संपतात तिथपर्यंत मला माहीत आहे," कुंचो म्हणाला. "त्याच्या पुढं माझ्या वेळी नुसतं गवत होतं. आता काय आहे ते मला माहीत नाही."

रादको त्या फळीकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने डोळे मिटून सगळे एकदा म्हणून दाखवले. कुंचोने मला उचलले. फळी मेजावर दाबून त्याने माझे तीन फेरे मारले, आणि ओढा, चेस्टनट, मेंढवाडा, बीचची झाडे, सगळे पातळ सालींच्या वळ्या होऊन माझ्या तोंडातून बाहेर पडले. कुंचोने त्या साली गोळा करून चुलीत टाकल्या. फळी स्वच्छ झाली. मित्रांनो, मी आयुष्यात इतके स्वच्छ काम क्वचितच केले असेल.

रादको दोन दिवसांनी गेला. आईला त्याने सांगितले की मामेभावाच्या घराचे छप्पर करायला चाललो आहे. आपला रंधा त्याने खिडकीत ठेवला.

आठवड्याने गणवेशातले दोघे जण आले. त्यांनी मिन्काचे घर उलटेपालटे केले, मग कार्यशाळेत आले. कुंचोने खिडकीकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "रंधा ठेवून गेलाय. सुतार रंधा ठेवून जातो तेव्हा तो परत येतो." त्यांनी ते लिहून घेतले. पुढे ना पत्र आले, ना प्रेत, ना सरकारी कागद. त्या महिन्यात डोंगरावर गोळ्यांचे आवाज झाले असे कुणीतरी बाजारात म्हणाले, आणि मिन्का दिसताच गप्प झाले.

त्या दिवसापासून कार्यशाळा बदलली. कुंचो सकाळी कॉफी करायचा आणि दोन पेल्यांत ओतायचा. मग एका पेल्यातली परत भांड्यात ओतायचा. खिडकीतल्या रंध्याला त्याने हात लावला नाही. त्याच्यावर धूळ बसली, मग दमट हवेने पात्यावर तांबूस ठिपके आले. काम करताना कुंचो मध्येच थांबून मागे पाहायचा. मागे कुणी नसायचे. मला मात्र तो आवाज ठाऊक होता ज्यासाठी तो वळायचा. टोपीवाल्या रंध्याचा आवाज माझ्यापेक्षा खोल असतो, गव्हाच्या शेतातून वारा गेल्यासारखा. तो तिथे नव्हता, पण आम्हा दोघांनाही तो ऐकू यायचा.

पुढच्या हिवाळ्यात मिन्का आली. तिच्या हातात रादकोचा चामडी पट्टा होता. तिच्या अंगणात एक अक्रोडाचे झाड होते, रादकोने सात वर्षांचा असताना लावलेले. तेव्हा त्याच्या आजीने त्याला रागावून रोप उपटायला लावले होते, आणि त्याने ते गुपचूप परत लावले होते. आमच्याकडे असे मानतात, की जो अक्रोड लावतो तो झाडाचे खोड त्याच्या कमरेइतके झाले की जगत नाही. म्हणून अक्रोड म्हाताऱ्यांनी लावायचा.

मिन्का दारातच उभी राहिली. कुंचोला ती बाते म्हणायची, म्हणजे थोरला भाऊ.

"बाते कुंचो, झाड तोडायचं आहे. आज."

"मिन्का, बर्फ पडतंय."

"आज." तिने पट्टा पुढे केला. "मी खोडाला लावून पाहिला. तो ज्या भोकात अडकवायचा, तिथपर्यंत यायला एक भोक राहिलंय. एकच."

 कुंचोने कुऱ्हाड आणि मोठी करवत घेतली. संध्याकाळपर्यंत झाड आडवे झाले. ते वाढणे थांबले म्हणजे तिचा मुलगाही थांबेल, जिथे असेल तिथे जिवंत राहील, असा तिचा हिशेब होता. बर्फातून घरात जाताना ती जवळजवळ आनंदात होती, असे कुंचो नंतर शेजाऱ्याला म्हणाला.

फळ्या कापून कुंचोने कार्यशाळेच्या माळ्यावर वाळत घातल्या. अक्रोड सावकाश वाळतो. आणि वाळताना तो बोलतो. कडाक्याच्या थंडीत फळ्या आकसल्या की वरून टक् असा आवाज यायचा, थोड्या अंतराने दुसरा, मग तिसरा, जसे कुणी माळ्यावर पाऊल जपून टाकत चालले आहे. कुंचो तेव्हा हातातले काम ठेवून छताकडे पाहत बसायचा. तीन हिवाळे असे गेले. कुंचोचे केस त्या तीन हिवाळ्यांत पांढरे झाले.

चौथ्या वर्षी, वसंताच्या सुरुवातीला, मिन्का परत आली. या वेळी ती आत येऊन बसली. म्हणाली की फळ्या वाळल्या असतील तर एक संदूक करून हवी आहे, कपड्यांसाठी.

कुंचोने पेन्सिल घेतली. "लांबी?"

"एक मीटर अठ्ठ्याहत्तर."

पेन्सिल थांबली. कपड्यांची संदूक एवढी लांब कुणी करत नाही. कार्यशाळेच्या दारात रादको ताठ उभा राहिला की त्याचे डोके चौकटीवरच्या खुणेला लागायचे, आणि ती खूण कुंचोने स्वतः मारली होती. शवपेटी मागितली असती तर लोकांनी विचारले असते की कुणाची. कागद कुठे आहे, प्रेत कुठे आहे. संदुकीला कुणी काही विचारत नाही. कुंचोने आकडा लिहिला आणि रुंदी तिला विचारली नाही.

काम तीन आठवडे चालले. मिन्का रोज दुपारी यायची, खिडकीजवळच्या स्टुलावर बसायची आणि लोकर विंचरत पाहायची. फळ्यांची टोके मी केली, सांधे मी केले. ते सगळे ठीक झाले. मग झाकणाची मधली फळी आली. तिच्यात, छातीच्या जागी म्हणावे अशा ठिकाणी, एक मोठी गाठ होती, आणि गाठीभोवती रेषा पाण्यातल्या भोवऱ्यासारख्या फिरल्या होत्या. सुंदर लाकूड होते. पण रंध्याला ते भीती घालते.

कुंचोने मला फिरवले आणि मी रेषा उपटल्या. नखाएवढे खड्डे पडले. त्याने माझे पाते काढले, दगडावर नवा उभा उतार घासला, अर्धा दिवस त्यात गेला. आता मी उपटत नव्हतो, पण इतका जड झालो की मला ढकलायला पूर्ण खांदा लागे. कुंचो पासष्ट वर्षांचा होता. मी अडखळत जायचो, थांबायचो, आणि जिथे थांबायचो तिथे लाटेसारखी खूण उठायची. त्याचा श्वास मला माझ्या पाठीवर जाणवत होता. फळीची जाडी संपत चालली होती. असली फळी पुन्हा मिळणार नव्हती. त्या झाडात गाठीची अशी फळी एकच होती.

मिन्काने विंचरणे थांबवले.

"त्याचा घे," ती म्हणाली.

कुंचो म्हणाला की जमेल, जरा धार बघतो.

"बाते, त्याचा घे. तो म्हणायचा मला, की गाठीला आपलाच चालतो, मायस्तोर हट्टाला पेटतो म्हणून. चार वर्षं झाली, तू त्या रंध्याला शिवला नाहीस. का?"

कुंचो माझ्यावरचा हात काढून मेजाच्या कडेला टेकला. मला त्याचा हात दिसत होता. तो थरथरत होता.

"माझ्यानं शिववत नाही," तो म्हणाला. "वाट मी सांगितली त्याला, मिन्का. इथं, या मेजावर. फळीवर काढून दिली. थांब म्हणालो नाही. एकदाही नाही."

बाहेर कुणाची तरी गाडी गेली. घोड्याच्या नालांचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. मिन्का उठली नाही, रडली नाही. तिने मांडीवरची लोकर टोपलीत ठेवली, टोपलीवर फडके टाकले आणि फडक्याची टोके नीट खोचली. एवढे करायला तिला खूप वेळ लागला.

"फळी पुरी कर," ती म्हणाली. "त्याच्या रंध्यानं."

कुंचो खिडकीपाशी गेला. त्याने फुंकर मारली तेव्हा धुळीखाली बीचचे लाकूड अजून उजळ होते. पाते धरून ठेवणारी पाचर हातोडीच्या दोन हलक्या ठोक्यांनी सुटली. तोंडात लाकडाची एक साल अडकून राहिली होती, चार वर्षांपूर्वीची, रादकोने शेवटच्या दिवशी काढलेली, वाळून कागदासारखी झालेली. कुंचोने ती चिमटीत धरून मिन्काला दिली. तिने हात पुढे केला आणि ती घेतली. मग कुंचोने पाते आणि टोपी वेगळी केली, गंज घासून काढला, दगडावर तेल टाकून धार लावली. टोपी परत बसवताना त्याने ती धारेपासून केसभर अंतरावर आणली. कशी आणायची ते त्याला रादकोने दाखवले होते, आणि तेव्हा तो मुद्दाम दुसरीकडे पाहत होता. पण त्याने पाहिले होते.

त्याने रंधा फळीवर ठेवला आणि ढकलला.

तोच आवाज, गव्हाच्या शेतातून वारा गेल्यासारखा. गाठीवरून तो न अडखळता गेला आणि त्याच्या मागे लाकूड ओल्या दगडासारखे चमकत राहिले. मिन्काने दोन्ही हातांनी तोंड झाकले. सहा वर्षे हा आवाज रोज तिच्या अंगणात ऐकू यायचा; तो ऐकूनच ती जेवण मांडायला घ्यायची, कारण तो थांबला की मुलगा घरी यायचा. कुंचो थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा सुरू करता आले नसते. मी बाजूला पडून होतो आणि मला, मित्रांनो, मत्सर वाटला नाही. तो रंधा शेजारी आल्यापासून पहिल्यांदा वाटला नाही.

संदूक शेजाऱ्यांनी खांद्यावरून तिच्या घरी नेली. तिने तिच्यात रादकोचे शर्ट, मेंढीच्या कातड्याचा कोट आणि तो पट्टा ठेवला. कुंचो दारापर्यंत गेला आणि परत आला. मिन्काने त्याला आत बोलावले नाही, आणि त्यानंतर ती त्याला कधीच बाते म्हणाली नाही.

मृतांचा शनिवार येतो तेव्हा आमच्याकडे गहू शिजवून, साखर घालून, गेलेल्यांच्या नावाने वाटतात. त्या शनिवारी मिन्का गव्हाचा वाडगा घेऊन कार्यशाळेत आली. कुंचो उठून उभा राहिला. तिने वाडगा मेजावर माझ्या शेजारी ठेवला आणि स्टुलावर बसली.

"सांग," ती म्हणाली.

"काय?"

"वाट. त्याला सांगितलीस तशी."

कुंचोने सांगितली. थांबा, वखार, ओढा. तिने अडवून विचारले की पाणी किती थंड असेल. मेमध्ये बर्फाचेच पाणी, तो म्हणाला. त्याच्या पायांत कुठले बूट होते? तपकिरी, शिवलेले. मग दगडावर घसरला असेल. घसरला असेल, पण सावरला असेल, तो चपळ होता. चेस्टनट, मेंढवाडा, बीचची झाडे. झाडे संपतात तिथे कुंचो थांबला. ती वाट पाहत राहिली. तो म्हणाला की याच्या पुढचे मला माहीत नाही. ती उठली, गहू त्याच्या ताटलीत ओतला, रिकामा वाडगा घेतला आणि गेली.

पुढच्या शनिवारी ती परत आली. मृतांचा शनिवार नव्हता तो, नुसता शनिवार. मग दर शनिवारी. दोन वर्षे मी ती वाट ऐकली. मी तासून काढलेली वाट दर आठवड्याला त्या मेजावर पुन्हा उमटायची. कुंचोला पहिल्यांदा ती शिक्षा वाटली असावी. सांगताना त्याच्या कपाळावर घाम यायचा. नंतर नंतर तो शुक्रवारीच मेज झाडून ठेवू लागला आणि स्टुलावर उशी घालू लागला. दोघांत दुसरे बोलणे होत नसे. गावाने काही दिवस तोंडे वाकडी केली, मग सोडून दिले.

दुसऱ्या हिवाळ्यात कुंचोच्या छातीत पाणी झाले. घरातल्या वरच्या खोलीत चढणे त्याला जमेना, म्हणून त्याने खाट कार्यशाळेत चुलीजवळ आणून घेतली. मिन्का आता रोज येऊ लागली, सूप घेऊन. शनिवार आला. दुपार होती, बर्फाचा उजेड छतावर पडला होता. कुंचोने डोळे न उघडता सुरुवात केली. थांबा. वखार. ओढ्याशी त्याचा आवाज गेला. मिन्काने तिथून पुढे धरले, पाठ होती तिला. दुभंगलेले चेस्टनट. बिनछपराचा मेंढवाडा. बीचची झाडे.

झाडे संपली तिथे ती थांबली. नेहमी तो थांबायचा तिथे. चुलीत लाकूड तडकले. मग ती म्हणाली,

"तिथं गवत होतं. गुडघाभर. दवानं ओलं."

कुंचोने डोळे उघडले.

"तो वाकून गेला," मिन्का म्हणाली. "मध्ये एकदा आडवा पडला, थोडा वेळ. मग उठला. पलीकडं उतार होता, तुझ्या रंध्याच्या पात्यासारखा, हळू खाली जाणारा. खाली घर होतं. कुत्रा भुंकला."

"मग?" कुंचो म्हणाला. त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"मग दार उघडलं."

"कुणी?"

"एका बाईनं. माझ्याच वयाची असेल. त्याचे बूट ओले बघून तिनं आधी त्याला चुलीपाशी बसवलं. नाव नंतर विचारलं."

कुंचोने छताकडे पाहिले. माळा आता रिकामा होता, तिथून कसलाही आवाज येत नव्हता. मग त्याने मान हलवली, एखादा सांधा नीट बसला की हलवायचा तशी.

तो बुधवारी गेला.

रादकोचे खरे काय झाले ते मला माहीत नाही, मित्रांनो. माहीत असते तर इतका वेळ तुमच्यापासून लपवले नसते. मिन्काही आता नाही. जाण्याआधी तिने आम्हा दोघांना तेल लावून, पुसून, फडक्यात गुंडाळून, पुढच्या गावातल्या सुतारकामाच्या शाळेत दिले. तिथल्या मुली आणि मुले आम्हाला वापरतात, आणि दर वर्षी कुणीतरी विचारतेच की यातला कुठला चांगला, वर उताराचा की खाली उताराचा. शिक्षक म्हणतात की आधी लाकूड बघा. टोक असेल, बारीक सांधा असेल, तर मला घ्या. रेषा फिरलेल्या असतील, तर त्याला घ्या, टोपी जवळ आणा आणि हट्ट करू नका.

माझी विनंती त्याहून थोडी वेगळी आहे. तुमच्या घरात कुणा गेलेल्या माणसाचे हत्यार असेल, रंधा असो, कात्री असो, शिवणयंत्र असो, तर ते आठवण म्हणून खिडकीत ठेवू नका. चार वर्षे तो रंधा खिडकीत होता. त्याचे पाते गंजले, आणि त्या गंजाने कुणाचे दुःख तसूभरही कमी झाले नाही. ते हत्यार खाली काढा. उघडून साफ करा, धार लावा, बोटावर तेल घेऊन पुसा, आणि समोर काम घ्या. सुरुवातीला हात थरथरेल. थरथरू द्या, पण ढकला.